ब्रसेल्सच्या कॅप्सूल: वजन उतरवणारी चिनी मुळी आणि निकामी झालेल्या किडन्या

१९९२ साली ब्रसेल्सच्या एरास्म रुग्णालयातल्या किडनीतज्ज्ञांपुढे थोड्या अंतरानं दोन तरुण बायका आल्या. दोघींच्याही किडन्या झपाट्यानं काम सोडत होत्या आणि उघड कारण काही सापडत नव्हतं. बायोप्सी केल्यावर कोडं आणखी वाढलं. नेहमीच्या पाहण्यातले किडनीचे पुष्कळ आजार रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म जाळ्यांपासून सुरू होतात. इथे जाळ्या बऱ्यापैकी शाबूत होत्या. खराबी होती ती त्यांच्या पुढच्या नलिकांमध्ये. नलिका आक्रसलेल्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत नुसता वणाचा तंतुमय भाग. एवढा वण पडायचा तर आधी दाह हवा, त्या जागी दाहाच्या पेशींची गर्दी हवी. ती जवळजवळ नव्हतीच.

तज्ज्ञांनी मग साधीच गोष्ट केली, दोघींना घेतलेल्या औषधांबद्दल खोदून विचारलं. दोघी वजन कमी करण्यासाठी शहरातल्या एकाच क्लिनिकमध्ये जात होत्या. ज्याँ-लुई वानहेरवेगेम यांच्या चमूनं ब्रसेल्समधल्या इतर डायलिसिस केंद्रांकडे चौकशी केली, तेव्हा पन्नाशीच्या आतल्या आणखी सात बायका सापडल्या. किडनीचं चित्र तेच, क्लिनिकही तेच. या नऊ जणींची हकिकत फेब्रुवारी १९९३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढच्या काही वर्षांत बेल्जियममधला हा आकडा शंभराच्या वर गेला.

औषधांच्या दुष्परिणामांबद्दल शिकवताना मला हे प्रकरण टाळता येत नाही. ते ऐकून माणसं दोनपैकी एका निष्कर्षावर पटकन जाऊन बसतात. चिनी औषधं विषारी, हा पहिला. चिनी औषधांचा काही दोष नव्हता, चुकीची मुळी आली एवढंच, हा दुसरा. प्रकरण पूर्ण वाचलं तर दोन्ही टिकत नाहीत.

क्लिनिकमध्ये नेमकं काय दिलं जात होतं

हे क्लिनिक चिनी वैद्याचं नव्हतं. तिथले डॉक्टर आधुनिक वैद्यक शिकलेले होते आणि वजन उतरवण्याचं त्यांचं मिश्रण कित्येक वर्षं चालू होतं. त्यात भूक मारणारी दोन औषधं होती, फेनफ्लुरामिन आणि डायएथिलप्रोपिऑन. लघवी वाढवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड होतं, जुलाबासाठी कॅस्कारा नावाच्या झाडाच्या सालीची पूड होती, बेलाडोनाचा अर्क होता. शिवाय त्वचेखाली आर्टिचोकच्या अर्काची आणि युफिलिन या दम्यावरच्या औषधाची इंजेक्शनं. मे १९९० मध्ये या मिश्रणात दोन चिनी वनस्पतींची पूड नव्यानं घातली गेली. एक मॅग्नोलियाची साल, चिनी नाव होउ-पो. दुसरी स्टेफानिया टेट्रांड्रा या वेलीची मुळी, चिनी नाव फांग-जी.

किडन्या बिघडल्या त्या याच बदलानंतर. संशोधकांना दिशा मिळाली ती या तारखेमुळे. जुन्या मिश्रणावर वर्षानुवर्षं बायका येत होत्या आणि असं काही दिसलं नव्हतं.

भूक मारणारी गोळी, लघवीची गोळी, जुलाब आणि वर दोन चिनी वनस्पतींची पूड, हा सगळा संच कॅप्सूलमध्ये भरून महिनोन्‌महिने द्यायचा, याला चिनी वैद्यक म्हणणं म्हणजे चिनी वैद्यकावर अन्याय आहे. पण 'चिनी', 'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य' या शब्दांना गिऱ्हाईक मिळतं, हे ब्रसेल्सच्या क्लिनिकला कळलं होतं तसं आपल्याकडच्या जाहिरातदारांनाही कळलेलं आहे.

चिनी वैद्यानं काय केलं असतं

चिनी वैद्यकात लठ्ठपणाकडे चरबीचा साठा म्हणून पाहत नाहीत. त्यांच्या हिशेबात पचनाचं काम 'प्लीहे'कडे असतं. आपल्या शरीरशास्त्रातली ती प्लीहा नव्हे, अन्नाचं रसात रूपांतर करून तो पोचवणारी एक व्यवस्था. ती दुबळी पडली की ओल साचते, ओलीचा घट्ट कफ होतो, आणि हा कफ अंगावर चढतो. चौदाव्या शतकातला वैद्य झू दानशी याचं म्हणणंच होतं की स्थूल माणसात कफ आणि ओल जास्त. अग्निमांद्य, आम, कफ आणि मेद या शब्दांत वाढलेल्या मराठी वाचकाला हे फार परकं वाटणार नाही.

त्यामुळे एकाच वजनाच्या दोन माणसांना एकच औषध मिळेल असं नाही. खूप भूक लागणारा, तोंड कोरडं पडणारा, शौचाला घट्ट होणारा रुग्ण असेल तर पोटातली उष्णता काढायची, त्यात रेवाचिनी म्हणजे दा-हुआंग येते. थकलेला, घामेजणारा, पाय जड आणि सुजलेले असा रुग्ण असेल तर बळ देऊन पाणी काढायचं. रोजच्या वापरात कमळाची पानं, हॉथॉर्नची आंबट फळं, फू-लिंग नावाची जमिनीखाली वाढणारी बुरशी आणि ज्वे-मिंग-झ नावाच्या बिया असतात. या शेवटच्या बिया आपल्या टाकळ्याच्या किंवा त्याच्या अगदी जवळच्या झाडाच्या. पावसाळ्यात कोकणात ज्याची भाजी होते तोच टाकळा. त्याच्या भाजलेल्या बियांचा चहा चीनमध्ये पोट साफ राहावं म्हणून पितात.

फांग-जीची जागा यातल्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णासाठी आहे. झांग झोंगजिंग हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला वैद्य. फांग-जी, हुआंग-छी, बाय-झू आणि ज्येष्ठमध, सोबत आलं आणि चिनी बोरं, हा काढा त्याच्या नावावर आहे. तो दिला जायचा अंगावर सूज, जडपणा आणि घाम असलेल्याला. आजही चीन-जपानमध्ये थुलथुलीत, पाणी धरणाऱ्या स्थूल बायकांना तो देतात. म्हणजे फांग-जी पाण्यावरची आहे, चरबीवरची नाही. पाणी उतरलं की वजनकाटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि रुग्ण खूश होतो, ही सोय मात्र प्रत्येक लघवीच्या औषधात असते. ब्रसेल्सच्या क्लिनिकनं तिची निवड कशावरून केली हे सांगणं कठीण, पण काढ्यातली एकटी मुळी उचलून, रुग्णाचा प्रकार न पाहता, सगळ्यांना दिली गेली एवढं उघड आहे.

एकाच नावाच्या दोन मुळ्या

आता मूळ गोंधळ. चिनी बाजारात फांग-जी या नावाखाली एकाहून जास्त वनस्पती विकल्या जात. हान फांग-जी म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा. ही आपल्या गुळवेलीच्या कुळातली. ग्वांग फांग-जी म्हणजे ग्वांगडोंग-ग्वांगशीकडची अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची. हिचं कूळच वेगळं, घटकद्रव्यं वेगळी. जपानमध्ये तर याच नावानं तिसरीच वेल वापरतात, सिनोमेनियम. जुन्या ग्रंथांतली मूळ फांग-जी यातली कोणती, यावर चिनी अभ्यासकांतही एकमत नाही. व्यापारी पत्रव्यवहारात हान, ग्वांग ही उपपदं गळून जायची, उरायचं नुसतं फांग-जी.

मुळी अख्खी असती तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं असतं. दोन्हींच्या वाळवलेल्या चकत्या फिकट, राखाडी-पांढऱ्या, आणि दोन्हींवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा. पण हान फांग-जीचा छेद पिठाळ आणि गुळगुळीत असतो. चीनमध्ये तिला 'पिठाळ फांग-जी' म्हणतात ते त्यामुळेच. ग्वांगच्या चकतीवर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी जास्त ठळक असते. हात बसलेल्या माणसाला हा फरक कळतो. दळून पूड केली आणि कॅप्सूलमध्ये भरली की हात बसलेला माणूसही काही करू शकत नाही. ब्रसेल्सला आली ती पूड.

मग उरते प्रयोगशाळा, आणि तिथलं काम काही अवघड नव्हतं. स्टेफानियाच्या मुळीत टेट्रांड्रिन नावाचं अल्कलॉइड असतं. अर्काचा थेंब पातळ थराच्या पट्टीवर चढवायचा, द्रावकात चालवायचा आणि ड्रागेनडॉर्फचं द्रावण फवारायचं. अल्कलॉइड असेल तिथे नारिंगी ठिपका उमटतो. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याचं हे एका दुपारचं प्रॅक्टिकल. नऊ जणींच्या प्रकरणाचा शोध सुरू झाला तेव्हा तज्ज्ञांनी हेच पाहिलं आणि स्टेफानियाची खूण मिळाली नाही. जे लेबलवर आहे ते आत नाही, इथवर १९९३ मध्ये कळलं. आत काय आहे हे सांगायला आणखी वर्ष गेलं. १९९४ मध्ये १९९० ते १९९२ या काळात बेल्जियममध्ये आलेल्या 'स्टेफानिया'च्या वेगवेगळ्या खेपांची तपासणी प्रसिद्ध झाली. बहुतेक खेपांमध्ये ग्वांग फांग-जीत असणारं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. तोवर, १९९२ च्या अखेरीस, ही पूड बेल्जियमच्या बाजारातून काढून घेतलेली होती.

या आम्लाची ख्याती आधीपासून होती. पश्चिम जर्मनीनं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली औषधं १९८१ मध्येच बाजारातून काढली होती, कारण ते खाल्लेल्या उंदरांना कर्करोग होत होता. हे १९८२ मध्ये छापूनही आलं. ब्रसेल्सपासून जर्मनीची सरहद्द गाडीनं दीड-दोन तासांवर आहे.

शरीरात काय घडलं

हे आम्ल आतड्यातून रक्तात जातं आणि किडनीच्या नलिकांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते आत ओढून घेतात. शरीराबाहेर टाकायच्या आम्लांसाठी तिथे वाहक असतात, त्यांच्याच दारातून हेही शिरतं. पेशीतली विकरं त्याचं रूपांतर अशा एका रूपात करतात जे डीएनएच्या चार अक्षरांपैकी अ‍ॅडेनिनला जाऊन चिकटतं. पेशी विभागताना चिकटलेल्या अ‍ॅडेनिनपाशी चूक होते आणि त्याच्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर येतं. ही चूक इतकी ठरावीक आहे की गाठीतला डीएनए वाचून ही गाठ अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं आली असं आज सांगता येतं. तंबाखू किंवा कडक ऊन यांच्याही अशा खुणा असतात, पण इतकी नेमकी खूण थोड्याच विषांची.

१९९६ मध्ये ब्रसेल्सच्या रुग्णांच्या काढलेल्या किडन्यांमध्ये हे चिकटलेले तुकडे सापडले. आता दोष फेनफ्लुरामिनचा, अ‍ॅसिटाझोलामाइडचा की मुळीचा, या वादाला फारशी जागा उरली नाही. या इतर औषधांनी किडनीला आणखी हळवं केलं असेल, अशी शंका काही तज्ज्ञांनी मांडली, ती अगदीच टाकाऊ नाही. पूड घेतलेल्या बहुतेक बायकांना काही झालं नाही, काहींना झालं. पोटात गेलेली एकूण मात्रा आणि प्रत्येकीच्या विकरांचा वेग यांचा यात वाटा असावा. क्लिनिकच्या बाजूनं 'शेकडो जणींनी घेतलं, मग एवढ्यांनाच कसं?' असा मुद्दा येणं साहजिक होतं. औषधांच्या दुष्परिणामांत हा मुद्दा नेहमी येतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला तरी कुठे कॅन्सर होतो?

पूड बंद केल्यावरही आजार थांबला नाही, ही या प्रकरणातली सर्वांत जाचक गोष्ट. औषध सोडून महिने उलटलेल्या बायकांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी पडली की रक्तात वाढणारा घटक, चढतच राहिलं. स्टेरॉइड देऊन पाहिलं, काहींमध्ये ऱ्हासाचा वेग मंदावला. पुष्कळ जणी डायलिसिसवर गेल्या, काहींना किडनी बसवावी लागली.

आणि मग कर्करोग. बेल्जियमच्या या रुग्णांमध्ये मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगाचा पहिला रुग्ण १९९४ मध्ये सापडला. किडनी बसवलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यामुळे अशी गाठ त्याच्या शरीरात आणखी वेगानं वाढू शकते. एरास्मच्या डॉक्टरांपुढे विलक्षण प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या मूळच्या किडन्या आता काही कामाच्या नाहीत, त्यांच्या त्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या, गाठ दिसत नसतानाही, काढून टाकायच्या का? त्यांनी रुग्णांना तसं सुचवलं. ३९ जणांनी होकार दिला.

जोएल नोर्तिए आणि सहकाऱ्यांनी २००० साली त्याचा निकाल प्रसिद्ध केला. ३९ पैकी १८ जणांमध्ये कर्करोग आढळला. उरलेल्या २१ पैकी १९ जणांच्या अस्तरातल्या पेशी बिघडायला लागलेल्या होत्या. निर्धोक निघाले फक्त दोघे. पोटात गेलेली पूड एकूण २०० ग्रॅमपेक्षा जास्त असलेल्या १५ जणांत १० कर्करोग, २०० ग्रॅमपर्यंत असलेल्या २४ जणांत ८.

हा २०० ग्रॅमचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. चिनी पद्धतीच्या काढ्यात फांग-जी रोज साधारण ५ ते १० ग्रॅम घालतात. त्या हिशेबानं २०० ग्रॅम तीन ते सहा आठवड्यांत होतात. काढ्यात सगळी मुळी पोटात जात नाही, चोथा टाकून देतात, हे खरं. तरीही क्लिनिकनं अघोरी मात्रा दिली असं म्हणून सुटका होत नाही. मात्रा पारंपरिक मापाच्या फार बाहेरची नव्हती.

चुकीची मुळी, एवढंच?

ब्रसेल्सनंतर चिनी वैद्यकाच्या समर्थकांनी पुढे केलेला बचाव असा: हान फांग-जी मागवली होती, ग्वांग आली. दोष व्यापाऱ्याचा. शिवाय जाणत्या वैद्यानं ती अशी दिलीच नसती. बचावाचा दुसरा अर्धा भाग मला पटतो. पहिला अर्धवट आहे.

कारण ग्वांग फांग-जी ही काही भेसळीची वस्तू नव्हती. चीनच्या अधिकृत औषधसूचीत ती २००४ पर्यंत रीतसर होती. ब्रसेल्समध्ये चुकून आलेली मुळी चीनमध्ये जाणूनबुजून दिली जात होती. तिची बहीण ग्वान मू-थोंग, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया मांचुरिएन्सिस, हिची गोष्ट याहून मोठी. मू-थोंग ही मुळात वेगळ्याच, अकेबिया नावाच्या वेलीची. विसाव्या शतकात ती कमी मिळू लागली आणि तिची जागा अ‍ॅरिस्टोलोकियानं घेतली. 'यकृताची आग' शमवणाऱ्या लाँगदान श्येगान या घरोघरी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतही तीच. चीनमध्येच त्या गोळ्यांनी किडन्या गेल्याच्या बातम्या फुटल्या आणि २००३ मध्ये ग्वान मू-थोंगवर बंदी आली. २००४ मध्ये ग्वांग फांग-जी गेली. औषधसूचीच्या २०२० च्या आवृत्तीतून याच कुळातली आणखी दोन द्रव्यं वगळली गेली.

तैवानमध्ये विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना अ‍ॅरिस्टोलोकिया असलेलं किंवा असण्याची शक्यता असलेलं औषध कधी ना कधी लिहून दिलं गेलं होतं. तिथे मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग जगाच्या मानानं फार जास्त आहेत, आणि गाठींच्या डीएनएत तीच अ‍ॅडेनिन-थायमिनची खूण. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या दोन रुग्णांची नोंद आली. त्यांनी चिनी वनस्पती घेतल्या होत्या त्या इसबावर, वजनाशी काही संबंध नव्हता. आणि डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, रुमानिया, बल्गेरियातल्या काही खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या किडनीचा जो गूढ आजार होता, त्याचंही कोडं ब्रसेल्समुळे सुटलं. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या अ‍ॅरिस्टोलोकियाच्या बिया कापणीत गव्हात मिसळत आणि पिठातून पोटात जात. तिथे ना वैद्य होता, ना कॅप्सूल, ना क्लिनिक.

मग हजार-दीड हजार वर्षांच्या अनुभवाला हे कळलं का नाही? परंपरेला जे कळतं ते लवकर दिसणारं. खाल्ल्यावर उलटी झाली, भोवळ आली, माणूस दगावला, तर वैद्य त्याची नोंद करतो आणि पुढच्या पिढीला सांगतो. बचनाग शुद्ध करूनच वापरायचा हे असंच कळलेलं. पण काढा घेतल्यावर पायाची सूज उतरली, रुग्ण घरी गेला, आणि पाच वर्षांनी त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं, तर त्या दोन घटना कुणी जोडायच्या? वैद्य वेगळा, गाव वेगळं, मधे दहा इतर आजार. ब्रसेल्समध्ये ती जोडणी झाली, कारण एकाच शहरात, एकाच दाराशी, दोन वर्षांत, एकाच वयाच्या निरोगी बायका, एकच पूड घेत होत्या, आणि डायलिसिस केंद्रं एकमेकांना फोन करू शकत होती. 'शेकडो वर्षं वापरात आहे' हे वाक्य तात्कालिक धोक्यांपुरतं प्रमाणपत्र म्हणून मी मान्य करते, त्यापलीकडे नाही.

फेनफ्लुरामिनचाही हिशेब इथेच मांडायला हवा. या मिश्रणातलं हे 'शास्त्रीय' औषध. हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं. ब्रसेल्सच्या काही रुग्णांतही झडपांचे दोष निघाले. म्हणजे त्या बायकांना किडनीचं विष परंपरेच्या नावानं मिळालं आणि हृदयाचं आधुनिकतेच्या. आणि हे औषध परत आलं ते चिनी लेबलखाली. २००२ मध्ये जपानमध्ये चिनी वजनघटीच्या गोळ्या घेतलेल्यांची यकृतं निकामी झाली, काही जण दगावले. गोळ्यांत फेनफ्लुरामिनचं एक रासायनिक भावंड लपवलेलं निघालं. सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध २०१० मध्ये अमेरिका-युरोपात आणि २०११ मध्ये भारतात बंद झालं, त्यानंतर 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूलमध्ये तेही पुन्हा पुन्हा सापडत राहिलं आहे. वजन उतरवणारी वनस्पती खरोखर जोरात काम करतेय असं वाटलं तर मला आधी हीच शंका येते. लठ्ठपणावरच्या चिनी काढ्यांच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांत परिणाम माफकच दिसतो आणि चाचण्या बहुतेक छोट्या, कच्च्या.

आपल्या बाजूला

अ‍ॅरिस्टोलोकिया आपल्याकडेही आहे. सापसन म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका, साप-विंचवाच्या विषावर वापरली जाणारी ईश्वरी. कीडामारी ही दुसरी, शेताच्या बांधावर पसरणारी. बंगल्यांच्या कुंपणावर बदकाच्या आकाराची फुलं येणारी बदकवेल तिसरी, ती बाहेरून आलेली. कॉमन रोझ आणि सदर्न बर्डविंग या फुलपाखरांच्या अळ्या यांचीच पानं खातात, आम्ल अंगात साठवतात, आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. निसर्गप्रेमींनी ही वेल जरूर लावावी. तिचं मूळ उगाळून पोटात घेणं सोडून द्यावं, आणि हे मी गावाकडच्या जाणत्यांनाही सांगते. त्यातल्या काहींना ते आवडत नाही.

एका नावाच्या अनेक वनस्पती, हा गोंधळ तर आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात रोजचा. रास्ना उत्तरेत एक, केरळात दुसरी, बंगालात तिसरी. शंखपुष्पीचे दावेदार तीन-चार. आपण ब्राह्मी म्हणून पुष्कळदा घेतो ती मंडूकपर्णी असते. यातल्या बहुतेक अदलाबदलींनी कुणाचं फार बिघडत नाही, आणि नेमक्या त्याच सवयीमुळे बिघडवणारी अदलाबदल कुणाच्या लक्षात येत नाही.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं उत्तर दिलं की रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणीच झालेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या जवळच्या जातीशी गल्लत झाली असू शकते. ब्रसेल्सचाच वाद, तीस वर्षांनी, त्याच वनस्पतीकुळाच्या अंगणात. मंत्रालयाचा आक्षेप शास्त्र म्हणून रास्त होता. पण रुग्ण अंगणातली वेल तोडून काढा करत असेल किंवा कोपऱ्यावरून पूड आणत असेल, तर तपासायला उरतं काय?

बेल्जियममध्ये उरलं होतं. पुडीच्या खेपा हाताशी होत्या, कोणत्या तारखेपासून काय दिलं याची नोंद होती, आणि काढलेल्या किडन्यांचे तुकडे जपून ठेवलेले होते. त्या तुकड्यांत डीएनएला चिकटलेलं आम्ल वीस वर्षांनंतरही सापडलं, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. किडनी किंवा यकृताचा कारण न सापडणारा रुग्ण समोर आला तर 'आयुर्वेदिक काही घेता का?' एवढ्यानं भागत नाही, लोक 'नाही' म्हणतात. वजनासाठी, केसांसाठी, साखरेसाठी, गुडघ्यासाठी काय घेता, असं एकेक विचारावं लागतं, आणि घरातली डबी, पुडी, उरलेला चोथा, जे असेल ते घेऊन यायला सांगावं लागतं. डबीवर वनस्पतीचं लॅटिन नाव, वापरलेला भाग आणि खेप क्रमांक नसेल, तर ती डबी तशीच बंद करून ठेवायची, फेकायची नाही.